आईची वही, चार लाखांची ठेव आणि अडचणीतली ज्यू कुटुंबे : मदत कोठे आणि कशी द्यावी?

अलिबागची लेक विचारतात :

सर्व सभासदांना नमस्कार आणि शालोम.

आम्ही मूळचे अलिबागच्या इस्राएल आळीतले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. वडिलांच्या नोकरीमुळे १९७४ साली ठाण्यास आलो आणि येथेच राहिलो. माझी आई गेल्या पावसाळ्यात वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी वारली. तिच्या नावे बँकेत चार लाख रुपयांची ठेव होती. ठेवीच्या पावतीला टाचणीने एक कागद लावलेला सापडला आणि त्यावर तिच्या तिरप्या अक्षरात दोनच वाक्ये होती : "आपल्या लोकांत जे अडले असतील त्यांना द्यावे. गाजावाजा करू नये." वारस म्हणजे मी आणि इस्राएलमधल्या अश्दोदला स्थायिक झालेला माझा धाकटा भाऊ, एवढेच. भावाचे म्हणणे असे की, ऑक्टोबर २०२३च्या हल्ल्यानंतर आणि युद्धानंतर तिकडे कितीतरी घरांची घडी विस्कटली आहे, तेव्हा सगळी रक्कम तिकडे पाठवावी. मला मात्र येथले एकटे राहणारे वृद्ध डोळ्यांपुढे येतात. त्यांची मुले परदेशी गेली आहेत, औषधांचा खर्च पेन्शनमध्ये भागत नाही आणि कोणापुढे तोंड उघडणे त्यांना जमत नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. ज्या फळीवर आई शब्बाथचा दिवा लावत असे, तेथेच चहाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्याच्या झाकणाला छिन्नीने चीर पाडलेली असून दर शुक्रवारी दिवा लावण्याआधी ती त्यात नाणे टाकत असे. डबा उघडला तेव्हा १,३१२ रुपये निघाले, शिवाय चलनातून केव्हाच गेलेली पंचवीस पैशांची मूठभर नाणी, आणि तळाशी खिशात मावेल एवढी एक वही. वहीत पूर्ण नावे नाहीत. 'मास्तर', 'कोपऱ्यावरची', 'र. ची सून', 'खाडीवाले' अशा खुणा आहेत, पुढे रक्कम आणि तारीख. फिटलेल्या नोंदीवर तिने आडवी रेघ मारली आहे. सतरा नोंदींवर रेघ नाही. त्यांतली सर्वांत जुनी २००९ची, शेवटची २०२४ची, आणि सर्वांची बेरीज ४६,५०० रुपये होते. आई उसने पैसे देत होती, हे आम्हा दोघा भावंडांना ठाऊकच नव्हते.

आपल्या रीतीप्रमाणे सात दिवस शोकात बसलो होतो, त्यांतल्या चौथ्या दिवशी 'मास्तर' स्वतः आले. मुलाच्या फीसाठी २०१९ साली घेतलेले तीन हजार रुपये त्यांनी पाकिटात घालून आणले होते. मला काही सुचले नाही. "राहू द्या, नंतर बघू," म्हणत मी पाकीट त्यांच्या हातात परत ठेवले. त्यांचा चेहरा जो उतरला, तो अजून माझ्या मनातून जात नाही. मी चूक केली का? आणि बाकीच्या नोंदींचे काय करावे? ठेवीची रक्कम कोणाकडे, कोणत्या मार्गाने सोपवावी, याविषयीही जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना गबाय लिहितात :

ताई, आईंच्या आत्म्यास शांती लाभो. कोकणातल्या आणि पुढे मुंबईतल्या सिनेगॉगच्या कमिटीवर मिळून बावीस वर्षे मी गबाय, म्हणजे कारभारी, म्हणून हिशेब सांभाळला आहे, त्या अनुभवावरून लिहितो. वहीबद्दल नंतर स्वतंत्रपणे लिहीन, कारण तो प्रश्न शास्त्राचा आहे आणि पुस्तके उघडून पाहिल्याशिवाय मी उत्तर देणार नाही.

मराठीत आपण 'दान' म्हणतो, पण हिब्रूतला 'त्सेदाका' हा शब्द 'त्सेदेक' म्हणजे न्याय या शब्दाच्या कुळातला आहे. देणाऱ्याचे मन किती मोठे, यापेक्षा घेणाऱ्याचा हक्क किती, याकडे त्याचा कल आहे, आणि म्हणूनच कोणी, किती, कोणाला आधी द्यावे याचे नियम आपल्याकडे कर्जवसुलीच्या नियमांइतकेच काटेकोर आहेत. सर्वसाधारण माणसाने मिळकतीचा दहावा हिस्सा द्यावा. पाचव्या हिश्श्याहून अधिक देऊ नये, नाहीतर तो स्वतःच उद्या दुसऱ्याच्या दारात उभा राहील. रांगही ठरलेली आहे : आधी जवळचे नातलग, मग आपल्या गावचे गरजू, मग परगावचे. त्या न्यायाने ठाण्या-मुंबईतल्या वृद्धांविषयी तुम्हांला जे वाटते, त्याला तालमूदचा, म्हणजे आपल्या धर्मशास्त्राच्या मोठ्या ग्रंथाचा, आधार आहे.

मात्र रांग मोडणारे एक कलम आहे, आणि तुमचे बंधू, नकळत असो, त्यावरच बोट ठेवत आहेत. जेथे जिवावर बेतले असेल, विशेषतः जेथे माणूस बंदिवान झाला असेल, तेथे गावाची वेस पाहत नाहीत. कैद्यांची सोडवणूक ही त्सेदाकातील सर्वांत मोठी आज्ञा मानली आहे. ११६८ साली क्रुसेडर सैन्याने इजिप्तमधले बिल्बेस हे गाव घेतले आणि तेथले ज्यू बंदी करून नेले, तेव्हा रामबाम, म्हणजे त्या काळचे थोर ज्यू शास्त्री मोशे बेन मैमोन, यांनी गावोगावी पत्रे धाडून खंडणीसाठी पैसा उभा केला. कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या अडगळीतून जे कागद पुढे बाहेर आले, त्यांत या मोहिमेची त्यांच्या सहीची पत्रेही आहेत. (थोडे विषयांतर : याच रामबामांचा धाकटा भाऊ दावीद व्यापारासाठी आपल्या या हिंदी महासागरात निघाला असता बुडाला, आणि त्याच्याबरोबर घरचे भांडवलही गेले. अडचणीतले कुटुंब म्हणजे काय, हे त्या गृहस्थाने पुस्तकात वाचलेले नव्हते.)

आता कोणामार्फत द्यावे? मिश्ना, म्हणजे तालमूदचा मूळ भाग, सांगते की, गावाची पेटी दोघांनी गोळा करावी आणि तिघांनी वाटावी. लोकांकडून पैसा मागणे हा एक प्रकारचा अधिकार आहे, तो एकट्याच्या हाती नसावा म्हणून दोघे. वाटप हा तर निवाडाच, आणि पैशाच्या निवाड्याला तीन जण लागतात. माझ्या बावीस वर्षांत जेथे जेथे एकाच भल्या माणसाच्या हाती वाटप गेले, तेथे तो माणूस खरोखर भला असूनही कुरबुर झाली. तेव्हा ज्या संस्थेला द्याल, तिच्याकडे एकच प्रश्न विचारा : कोणाला किती द्यायचे हे ठरवताना सह्या किती जणांच्या होतात?

'गाजावाजा करू नये' या आईंच्या वाक्याविषयी थोडे सांगावेसे वाटते. काही वर्षांपूर्वी एका न्यासाने सणापूर्वी गरजू कुटुंबांना धान्याच्या पिशव्या वाटल्या. मी तेथे मदतीस होतो. प्रत्येकाला पिशवी देताना दोन्ही हातांनी धरायला लावून फोटो काढत होते, कारण देणगीदारांना अहवाल पाठवायचा होता. एक वृद्ध बाई, जिच्या सासऱ्यांनी त्याच सिनेगॉगला पितळेचा भला मोठा दिवा दिलेला होता, रांगेत शेवटी उभी राहिली आणि तिची पाळी येण्याआधीच जिना उतरून निघून गेली. मी मागे धावलो, तर म्हणाली, "चष्मा विसरले होते, घेऊन येते." ती परत आली नाही.

तालमूदमध्ये मार उकवा नावाच्या सत्पुरुषाची हकिगत आहे. शेजारच्या एका गरिबाच्या दाराच्या खाचेत तो रोज चार नाणी टाकून जात असे. एके दिवशी गरिबाने ठरवले की हा कोण आहे ते पाहायचेच. दार हलताच मार उकवा आणि त्याची बायको पळत सुटले आणि नुकत्याच विझवलेल्या भट्टीत जाऊन लपले. त्याचे पाय पोळू लागले, तेव्हा बायको म्हणाली, "तुमचे पाय माझ्या पायांवर ठेवा." तिचे पाय का पोळले नाहीत? कारण ती घरात असे, भुकेल्याच्या हाती शिजलेले अन्न देई. तो नाणी देई, ज्यांची भाकरी व्हायला वेळ लागे. रामबामांनी त्सेदाकाच्या ज्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांतली वरून दुसरी पायरी म्हणजे देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा. सर्वांत वरची पायरी कोणती, ते वहीच्या उत्तरात येईल.

हिशेबनीस लिहितात :

वरील उत्तर मन लावून वाचले. मी व्यवहाराचे तेवढे लिहितो, कारण त्यात घसरगुंडी पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट, टाचणीने लावलेला तो कागद मृत्युपत्र ठरत नाही. भारतातील ज्यूंना १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि त्यानुसार मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्या लागतात. त्यामुळे कायद्याच्या नजरेत ती ठेव तुम्हां दोघा भावंडांची, निम्मी-निम्मी झाली. बँकेत नामनिर्देशन एकाचेच असले तरी तो केवळ रक्कम स्वीकारणारा असतो. आईंची इच्छा पाळणे हा तुमचा नैतिक निर्णय आहे, म्हणून प्रथम दोघांनी एक साधे संमतिपत्र करून घ्यावे. भाऊबहिणीचे संबंध उत्तम असताना करावयाचा कागद हाच.

दुसरी गोष्ट करसवलतीची. एखाद्या विशिष्ट धर्माच्या लोकांच्या हितासाठीच काढलेल्या न्यासाला दिलेल्या देणगीवर सर्वसाधारणपणे प्राप्तिकरात वजावट मिळत नाही; आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर हा प्रश्न उद्भवतच नाही. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर येथे वजावट नाहीच. तेव्हा करासाठी मार्ग बदलू नका. न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का आणि हिशेबतपासणीचा अहवाल दरवर्षी दाखल होतो का, एवढे मात्र जरूर पाहा.

एखाद्या कुटुंबाला थेट पैसे द्यावयाचे असतील, तर हे ध्यानात असू द्या : नात्यात नसलेल्या व्यक्तींकडून वर्षभरात एकूण पन्नास हजारांहून अधिक रक्कम भेट म्हणून मिळाली, तर ती सगळीच त्या कुटुंबाच्या उत्पन्नात धरली जाते. ज्याला करपात्र उत्पन्नच नाही त्याला फरक पडत नाही, पण आजारपणामुळे अडचणीत आलेल्या नोकरदाराला पडतो. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाकडून आलेल्या मदतीला ही अट नाही.

तिसरी गोष्ट परदेशी पाठवण्याची. निवासी भारतीय व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि तिच्यात देणगी व भेट दोन्ही बसतात. पण तुमच्या बाबतीत त्याची गरजच दिसत नाही. बंधूंच्या वाट्याची रक्कम त्यांच्या अनिवासी सामान्य खात्यात जमा करून ते स्वतःच वारसा म्हणून तिकडे नेऊ शकतात. तिची वार्षिक मर्यादा दहा लाख डॉलर आहे.

उलट दिशेने मात्र फार जपावे लागते. येथल्या सिनेगॉगच्या फंडात इस्राएलचे नागरिक झालेले नातलग प्रेमाने पैसे पाठवतात. माणूस जन्माने अलिबागचा असला तरी पारपत्र परदेशी असेल, तर ते विदेशी अंशदान होते. न्यासाला त्यासाठी केंद्र सरकारची वेगळी नोंदणी लागते आणि रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावी लागते. एका छोट्या न्यासाला अशा चाळीस हजारांपायी दोन वर्षे खुलासे करीत बसावे लागल्याचे मी जवळून पाहिले आहे.

दक्षिणेचा पाहुणा (अश्दोद) लिहितात :

ताई, मी तुमच्या बंधूंच्याच गावात राहतो, कदाचित आमची ओळखही असेल. रात्री जिन्याखालच्या आसऱ्यात बसून मराठीत बोलणारी माणसे येथे आजही आहेत. अश्दोद, बेरशेबा, दिमोना, लोद या गावांत कोकणातून आलेली घरे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, आणि ७ ऑक्टोबर २०२३ नंतर दक्षिणेत व उत्तरेत मिळून लाखाहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. कित्येक कुटुंबे इलातच्या आणि मृत समुद्राकाठच्या हॉटेलांत महिनोन्‌महिने राहिली.

त्या काळात मदतीचा जो पूर आला, त्याविषयी खरे सांगावे तर पहिल्या तीन आठवड्यांत वस्तू नको म्हणण्याची वेळ आली. शाळेच्या व्यायामशाळेत आम्ही कपडे निवडत बसलो होतो. एका खोक्यातून लग्नात घालायचे उंच टाचांचे सोळा जोड निघाले, आणि त्याच वेळी एक बाई नवऱ्याच्या मधुमेहाच्या पट्ट्या कोठे मिळतील, असे विचारीत उभी होती. वर्तमानपत्रांतले मथळे ओसरल्यावर खरी अडचण सुरू झाली : भाडे, बंद पडलेले दुकान, राखीव सैन्यात गेलेल्या मुलाचा बुडालेला धंदा, रात्री दचकून उठणारी मुले. म्हणून माझा आग्रह असा की, इकडे पाठवायचे असेल ते एकदम न पाठवता दीड-दोन वर्षांत विभागून पाठवावे.

संस्था कशी पारखावी? येथील नोंदणीकृत सेवाभावी संस्थेचा क्रमांक सहसा ५८ने सुरू होतो आणि कारभार नीट चालल्याचा दाखला तिला सरकारी निबंधकाकडून घेता येतो. सरकारच्या खुल्या संकेतस्थळावर क्रमांक घातला की तो दाखला आणि खर्चाचा ताळेबंद दिसतो. तुमच्या बंधूंनी देणगी आपल्या नावे दिली आणि संस्थेला येथल्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४६ची मान्यता असली, तर रकमेच्या पस्तीस टक्क्यांइतकी सूट त्यांच्या करातून मिळते. म्हणजे रक्कम तुम्ही ठाण्याहून पाठवण्यापेक्षा त्यांनी येथून देणे हेच शहाणपणाचे, आणि मिळालेली सूट त्यांनी पुन्हा त्याच कामात घातली तर आईंचे दोन लाख आणखी पुढे जातील.

येथे ज्याला 'गमाख' म्हणतात, त्याचाही विचार व्हावा. हा परतीच्या बोलीवर वस्तू किंवा पैसा देणारा, व्याज न घेणारा फंड असतो. कोणाच्या जिन्याखालच्या खोलीत पाळणे असतात, कोणाकडे लग्नाचे पोशाख, कोणाकडे फक्त औषधे. जेरुसलेमची याद सारा ही संस्था १९७६ साली अशीच उसन्या वैद्यकीय साहित्यापासून सुरू झाली आणि आज देशभर चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, प्राणवायूची यंत्रे उसनी देते. 'उसने घेतो' म्हणताना माणसाची मान ताठ राहते.

सरळ प्रश्न लिहितात :

कोणालाही दुखवण्याचा हेतू नाही, पण मनातले विचारतो. भूक आणि आजार धर्म पाहून येत नाहीत. मग मदत ज्यूंनाच, असे का? युद्धाच्या दुसऱ्या बाजूलाही कुटुंबे आहेतच.

जुनी पाने लिहितात :

'सरळ प्रश्न' यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तालमूदमध्येच दिलेले आहे : ज्यूंच्या गरिबांबरोबर इतरांच्या गरिबांनाही पोसावे, कारण शांततेचा मार्ग तोच आहे. पुणेकरांना हे वेगळे सांगायला नको. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले आणि १८६७ साली सुरू झालेले ससून रुग्णालय पहिल्यापासून सर्वांसाठी आहे. नवी पेठेत 'निवारा' म्हणून ओळखले जाणारे अनाथ पंगू गृहही त्यांच्याच नावाचे. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी जी शाळा काढली, तिला पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे त्यांचे नाव मिळाले. माझगावच्या त्या शाळेत आज शिकणारी बहुतेक मुले ज्यू नाहीत.

तरीही आपल्या लोकांसाठी वेगळी पेटी का लागते, याचे कारण इतिहासात आहे. अनेक वेळा अशी पाळी आली की, ही पेटी नसती तर दुसरी कोणतीही उघडली नसती. ऑगस्ट १९१४मध्ये तुर्कस्तानातील अमेरिकेचे राजदूत हेन्री मॉर्गेन्थाऊ यांनी न्यूयॉर्कला तार केली की, पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंवर उपासमारीची वेळ आली आहे, तातडीने पन्नास हजार डॉलर पाठवावेत. पैसा उभा करण्यासाठी तीन समित्या निघाल्या : एक धनिक जर्मन ज्यूंची, एक कर्मठांची, एक कामगारांची. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या या मंडळींनी गोळा करणे आपापले ठेवले आणि वाटप एकत्र केले, म्हणून त्या संस्थेचे नाव जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी. आजही तिला सगळे 'जॉइंट' म्हणतात. गबायकाकांनी सांगितलेल्या 'दोघांनी गोळा, तिघांनी वाटप' या नियमाचेच ते मोठे रूप आहे. युक्रेनमधल्या एकाकी वृद्ध ज्यूंना घरपोच अन्न, औषध आणि सोबत पुरवण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे, आणि मुंबईतही तिचे काम चालते.

नाझी राजवटीतून पळालेले डॉक्टर, दंतवैद्य, अभियंते, कलावंत मुंबईच्या बंदरात उतरू लागले, तेव्हा १९३४ साली येथे ज्युइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. तिचे मुख्य काम अन्नवस्त्र देण्याचे नव्हते, हमी देण्याचे होते : या माणसाचा भार सरकारवर पडणार नाही, असे कोणीतरी लिहून दिल्याखेरीज त्याला देशात येऊ देत नसत. एका सहीवर एक कुटुंब वाचत होते. सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध पेटताच यांच्यांतील अनेकांना, ते जर्मन नागरिक म्हणून, शत्रुदेशीयांच्या छावण्यांत डांबले गेले. पुढे काही जण साताऱ्यात आणि पुरंदरावर राहिले. ज्यांच्यापासून पळाले त्यांच्याच देशाचे म्हणून कैद भोगायची! त्यांच्या सुटकेसाठी अर्ज करणे, नोकरी शोधून देणे, दवाखाना थाटण्यासाठी उसने भांडवल देणे हीसुद्धा मदतच होती.

शांघायचे उदाहरण तर विलक्षण आहे. जॉइंटने १९४१ साली तेथे लॉरा मार्गोलिस यांना पाठवले. हजारो निर्वासित एका वेळच्या जेवणावर तगून होते. त्या वर्षअखेर जपान-अमेरिका युद्ध जुंपले आणि अमेरिकेतून पैसा येणे बंद झाले. तेव्हा त्यांनी शांघायमधल्याच ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांच्याकडून, युद्ध संपल्यावर जॉइंट फेडील या बोलीवर, उसने घेऊन स्वयंपाकघर चालू ठेवले.

जुना गबाय लिहितात :

ताई, आता वहीविषयी.

प्रथम वरच्या पायरीचे सांगतो. रामबाम म्हणतात की, घसरणाऱ्या माणसाचा हात धरून त्याला कर्ज द्यावे, भागीत घ्यावे किंवा काम मिळवून द्यावे, म्हणजे त्याच्यावर मागण्याची वेळच येणार नाही. याहून थोर त्सेदाका नाही. तुमच्या आई चहाच्या डब्यातून याच पायरीवर उभ्या होत्या.

तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, अशी आज्ञा आहे की, दर सातव्या वर्षाच्या, म्हणजे श्मिताच्या अखेरीस धनकोने आपल्या बांधवाचे कर्ज सोडून द्यावे. शेवटचे श्मिता वर्ष ज्यू पंचांगाचे ५७८२ हे होते आणि ते सप्टेंबर २०२२मध्ये संपले. त्याआधी मुदत न ठरवता दिलेली आणि वसुलीस आलेली कर्जे त्या दिवशी सुटली, जर आईंनी 'प्रोज्बुल' नावाचा, येणी न्यायसभेच्या हवाली करणारा लेख करून ठेवला नसेल तर. (सातवे वर्ष जवळ आले की लोक कर्ज देईनासे झाले, म्हणून हिल्लेल या प्राचीन शास्त्र्याने ही सोय काढली; आपल्या कोकणी घरांत असा लेख करणारे मी तरी पाहिलेले नाहीत.) त्यानंतर दिलेली रक्कम येणे आहे, पण तिच्याही मागे लागू नका. ज्याच्याजवळ फेडायला नाही हे ठाऊक आहे, त्याच्या समोरून धनकोने मुद्दाम जाऊसुद्धा नये, असे आपल्याकडे सांगितले आहे. 'खाडीवाले' किंवा 'कोपऱ्यावरची' ज्यू नसतील तर श्मिताचा नियम त्यांना लागू नाही, पण आईंनी ज्या वहीत सगळ्यांना एका रांगेत लिहिले तेथे आपण दोन रकाने कशाला पाडायचे?

मास्तरांचे कर्ज २०१९चे, म्हणजे सुटलेले. तुम्ही पैसे घेतले नाहीत यात शास्त्राची चूक नाही, पण रीत राहून गेली. मिश्ना म्हणते : सातव्या वर्षानंतर कोणी कर्ज फेडायला आला, तर धनकोने म्हणावे, "मी ते सोडले आहे." त्यावर ऋणको म्हणाला, "तरीही," तर धनकोने ते स्वीकारावे. पुढे असेही म्हटले आहे की, अशा रीतीने फेडणाऱ्यावर ज्ञानी प्रसन्न असतात. तुम्ही त्यांना 'तरीही' म्हणण्याची संधी दिली नाहीत, एवढेच झाले.

अलिबागची लेक लिहितात :

सर्वांची ऋणी आहे. दोन आठवडे गेले, या अवधीत काय काय झाले ते कळवते.

भावाने आणि मी संमतिपत्र केले. त्याच्या वाट्याचे दोन लाख तो अश्दोदहून तीन हप्त्यांत देईल. पहिला हप्ता भाडे थकलेल्या एका कुटुंबासाठी, तेथील सिनेगॉगच्या मंडळींमार्फत, आणि नाव त्यालाही सांगायचे नाही असे ठरले आहे. माझ्या दोन लाखांपैकी साठ हजार येथल्या वृद्धांच्या औषधांसाठी सिनेगॉगच्या न्यासाकडे धनादेशाने दिले. औषधाच्या दुकानाचे बिल न्यासाने परस्पर भागवावे आणि फोटो काढू नये, असे पत्र सोबत जोडले. सेक्रेटरींनी पत्र वाचून चष्मा काढला आणि "फोटोचे आमच्याही मनात होतेच," असे म्हणाले. उरलेल्या एक लाख चाळीस हजारांचा आईच्या वहीसारखाच बिनव्याजी उसनवारीचा फंड करायचा आहे. दोन सह्या ठरल्या आहेत, माझी आणि एका निवृत्त परिचारिकेची. तिसरा माणूस अजून मिळालेला नाही. तोंडाला कुलूप असलेला आणि आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकणारा कोणी ठाण्यात असेल तर कृपया कळवावे.

रविवारी मी मास्तरांकडे गेले. ते व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. उभ्या उभ्याच म्हटले, "मास्तर, आईचे ते पैसे आम्ही सोडले आहेत." त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली, आत गेले आणि तेच पाकीट घेऊन बाहेर आले. म्हणाले, "सोडले असतील. तरीही." मिश्ना त्यांना ठाऊक असेल, असे वाटत नाही; त्यांची हयात नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवण्यात गेली. घरी येऊन पाचशेच्या सहा नोटा एकेक करून चौघडी घातल्या आणि डब्याच्या चिरेतून आत सारल्या. नोट जरा अडकते, नाण्यासाठीच केलेली चीर आहे ती.